कारुइझावाची पाखरे आणि न मिसळणारे सूर

१९६२ सालच्या उन्हाळ्यात जपानमधील कारुइझावा या थंड हवेच्या गावी एक फ्रेंच गृहस्थ रानात उभे राहून पाखरांचे गाणे टिपून घेत होते. शब्दांत नव्हे, स्वरलेखनाच्या पाच रेघांवर. वय त्रेपन्न, पॅरिसच्या एका चर्चमधील ऑर्गनवादक आणि तेथील संगीत महाविद्यालयातील अध्यापक म्हणून लौकिक मिळवलेले. सोबत पियानोवादक पत्नी इव्हॉन लोरियो, आणि मदतीस होशिनो नावाचे जपानी पक्षितज्ज्ञ. या गृहस्थांचे नाव ऑलिव्हिए मेसियां. त्या टिपणांतून ‘सात हायकाइ’ ही रचना सिद्ध झाली आणि ३० ऑक्टोबर १९६३ रोजी पॅरिसमध्ये पिएर बुलेझ यांच्या संचालनाखाली ती प्रथम वाजवली गेली. पियानोवर अर्थातच लोरियो होत्या.

कारुइझावा हे असामा या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याचे गाव. त्याच पायथ्याशी, शेजारच्या मियोता गावी, पाच वर्षांनंतर एक जपानी संगीतकार आपल्या लहानशा घरात बसून वेगळ्याच अडचणीशी झुंजत होता. त्याचे नाव तोरू ताकेमित्सू. न्यूयॉर्कच्या फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने आपल्या १२५ व्या वर्षानिमित्त त्याच्याकडून एक रचना मागितली होती. तीत बिवा हे तंतुवाद्य आणि शाकुहाची ही बांबूची बासरी ही दोन जपानी वाद्ये पाश्चात्य वाद्यवृंदासमवेत वाजावयाची होती.

एकाच डोंगराच्या सावलीत झालेल्या या दोन कामांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक प्रश्न स्पष्ट होतो. पाखराचे गाणे, जपानी वाद्यांचा स्वभाव आणि पाश्चात्य वाद्यवृंदाची शिस्त या तिन्ही गोष्टी एका रचनेत आणावयाच्या, तर कोणी कोणासाठी किती जागा सोडावयाची? ‘पूर्व-पश्चिमेचा संगम’ हा शब्दप्रयोग सत्कार समारंभातील भाषणांत फार सोयीचा असतो. प्रत्यक्षात संगमानंतर एका नदीचे नाव उरते आणि दुसरीचे पुसले जाते, याचा वक्त्यांना बहुधा विसर पडतो.

पाखराचे गाणे कागदावर उतरवणे हेच मुळात एक अवघड भाषांतर होय. बहुतेक गाणारी पाखरे सेकंदाला दोन हजारांपासून आठ हजार कंपनांपर्यंतच्या उंच स्वरक्षेत्रात गातात; पियानोचा सर्वांत वरचा स्वर सुमारे ४,१८६ कंपनांवरच संपतो. गाण्याचा वेग असा की माणसाची बोटे त्याला पुरी पडू नयेत. शिवाय पाखराचे स्वरयंत्र श्वासनलिका दुभंगते तेथे असते आणि त्याच्या दोन बाजू एकाच वेळी दोन निराळे स्वर काढू शकतात. स्वरांमधील अंतरे पुष्कळदा अर्ध्या स्वराहूनही लहान. आपल्या परिभाषेत श्रुतींची. पियानोपाशी श्रुती नाहीत. मेसियां यांनी यावर काढलेला तोडगा नकाशा काढणाऱ्याचा आहे. गाणे एक, दोन किंवा तीन सप्तके खाली आणावयाचे, त्याची गती कमी करावयाची, आणि सर्वांत लहान अंतर अर्ध्या स्वराएवढे मोठे करून बाकीची अंतरेही त्याच प्रमाणात वाढवावयाची. भूप्रदेश तोच, प्रमाण बदललेले. आवाजाचा पोत साधण्यासाठी प्रत्येक स्वराखाली निराळा स्वरसंघात ठेवावयाचा. इतके करूनही, रानात ज्याचे कान तयार झाले आहेत अशा पक्षिनिरीक्षकाला मेसियांच्या रचनेतील पाखरू चटकन ओळखता येत नाही. ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण नकाशा पाहून कोणी शेताचा वास येत नाही अशी तक्रार करीत नाही, हेही खरे.

प्रत्येक समाज पाखराच्या आवाजात आपली भाषा ऐकतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणताना ऐकू येतो. जपानी माणसाला उगुइसु या पाखराच्या गाण्यात ‘होऽ-होकेक्यो’ ऐकू येते, आणि ‘होकेक्यो’ हे ‘सद्धर्मपुंडरीक’ या मूळ संस्कृत बौद्ध सूत्राचे जपानी नाव आहे! एवढेसे करड्या-तपकिरी रंगाचे पाखरू वसंतात धर्मग्रंथाचे नाव घेत फिरते, ही कल्पना त्या देशात इतकी रुजली आहे की तिचे नवल कोणाला वाटत नाही. याच उगुइसुच्या घरट्यात होतोतोगिसु नावाची कोकिळेच्या कुळातील पक्षीण आपले अंडे गुपचूप ठेवून जाते. दुसऱ्याच्या घरात आपले पिल्लू वाढवण्याची ही रीत सांस्कृतिक देवघेवीच्या इतिहासातही अगदीच अपरिचित नाही.

मेसियां पाखरे टिपण्यास आले त्यापूर्वी कित्येक शतके जपानी वाद्यांत पाखरे येऊन बसलेली होती. शाकुहाचीच्या जुन्या धार्मिक रचनांत ‘त्सुरु नो सुगोमोरी’, म्हणजे क्रौंचांची घरटेबांधणी, ही प्रसिद्ध आहे. जोडपे घरटे बांधते, पिल्ले वाढवते, आणि अखेर पिल्ले उडून जातात. वादक गळ्याच्या किंवा जिभेच्या कंपनाने आणि दोन छिद्रांवर बोटे आळीपाळीने हलवून पंखांची फडफड आणि पिल्लांची कुजबूज उभी करतो. पण येथे हेतू नोंदीचा नाही. माता-पित्यांच्या मायेचा आणि वियोगाचा तो पाठ आहे. राजदरबारी ‘गागाकु’ संगीतातील ‘शो’ या मुखवाद्याचा आकारच पंख मिटून बसलेल्या फीनिक्स पक्ष्यासारखा मानला जातो. बांबूच्या सतरा नळ्या, त्यांतील पंधरा बोलक्या. श्वास आत घेतानाही वाजते आणि सोडतानाही, त्यामुळे स्वरांना खंड पडत नाही. याच गागाकुत ‘कार्योबिन’ नावाचे एक नृत्य आहे. लहान मुले पाठीला पंख लावून आणि हातांतील छोट्या झांजा वाजवीत ते करतात. ‘कार्योबिन’ म्हणजे संस्कृतातील कलविंक, स्वर्गातील मधुर कंठाचा पक्षी. चंपा देशातील एका भिक्षूने आणि भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने हे संगीत जपानात नेले, असे परंपरा सांगते. बोधिसेन ७३६ साली तेथे पोहोचला आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धमूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्याच हस्ते झाला. ज्याला आज आपण निखळ जपानी म्हणतो, तेही असे जहाजांतून उतरलेले आहे.

मग दोन संगीतांमधली भिंत उभी राहिली केव्हा? ती मेजी राजवटीच्या काळात सरकारी आज्ञेने उभी राहिली. शाकुहाची ज्यांची साधना होती त्या फुके पंथाच्या भिक्षूंचा पंथच १८७१ साली बंद करण्यात आला. १८७९ साली शालेय संगीताच्या अभ्यासासाठी सरकारी कार्यालय निघाले, पुढच्या वर्षी बोस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन या शिक्षकास बोलावण्यात आले, आणि स्कॉटलंडच्या लोकगीताच्या चालीवर जपानी मुले निरोपाचे गाणे म्हणू लागली. शाळेतील पेटीवर जे वाजते तेच संगीत अशी दोन-तीन पिढ्यांची समजूत झाली. माध्यमिक शाळेच्या पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक मुलाच्या हाती निदान एक जपानी वाद्य दिले पाहिजे, हा नियम तेथे २००२ पासून अमलात आला. शिक्षकांनी हे अंतर मोजून पाहावे: अभ्यासक्रमातून एखादी गोष्ट वगळण्यास एक परिपत्रक पुरते, ती परत आणण्यास शंभरावर वर्षे लागतात.

या भिंतीला पहिली खिडकी पाडली ती लहानपणीच दृष्टी गमावलेल्या मिचिओ मियागी या कोतोवादकाने. ‘हारु नो उमि’, म्हणजे वसंतातील समुद्र, ही त्यांची १९२९ मधील रचना कोतो आणि शाकुहाची यांच्यासाठी आहे. लाटांचा डोल, वल्ह्यांचा आवाज, पाण्यावरून जाणारी पाखरे असे सारे, पाहण्याऐवजी ऐकलेले चित्र तीत आहे. १९३२ साली रेने शेमे या फ्रेंच व्हायोलिनवादक बाईंना ती इतकी आवडली की शाकुहाचीचा भाग त्यांनी व्हायोलिनवर बसवला आणि मियागींसह ध्वनिमुद्रित केला. त्या ध्वनिमुद्रिकेमुळे रचना देशोदेशी पोहोचली. अर्थशास्त्रात पर्यायी वस्तू आणि पूरक वस्तू असा भेद करतात: चहा महागला तर कॉफी घेता येते, पण साखरेऐवजी चहा घेता येत नाही. शेमेबाईंनी व्हायोलिन हा शाकुहाचीचा पर्याय ठरवला. बाजाराच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. मात्र त्यात गमावले ते असे की, शाकुहाचीचा एकच स्वर वादकाच्या मानेच्या हालचालीने चढतो, उतरतो, फाटतो, श्वासाच्या सळसळीत विरतो. व्हायोलिनची मींड कितीही गोड असली तरी तिच्यात ती सळसळ नसते.

मेसियां यांनीही अखेर पर्यायाचाच मार्ग धरला. ‘सात हायकाइ’मध्ये एकही जपानी वाद्य नाही. चौथ्या भागाचे नावच ‘गागाकु’ आहे आणि तेथे शोचे काम आठ व्हायोलिने करतात. गज घोडीजवळ ओढून आणि स्वर मुळीच न हलवता त्यांतून तो काचेसारखा थंड स्वरपुंज काढला जातो. हिचिरिकी या तीक्ष्ण आवाजाच्या वाद्याची जागा ट्रम्पेट आणि ओबो यांना दिली आहे. सहाव्या भागात कारुइझावाची पाखरे पियानो, झायलोफोन आणि लाकडी सुषिर वाद्यांतून एकदम गाऊ लागतात. पहिला आणि शेवटचा भाग म्हणजे देवळाच्या दारातील दोन द्वारपाल. या साऱ्या खटाटोपात ज्या तालांचा आधार घेतला आहे त्यांत देवगिरीचे ताल आहेत! तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातील १२० देशी तालांची यादी मेसियां यांना विद्यार्थिदशेत एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि जन्मभर ती त्यांनी सोडली नाही. जपानच्या याच दौऱ्यात, ४ जुलै १९६२ रोजी, सेइजी ओझावा यांनी तोक्योत मेसियांच्या ज्या प्रचंड सिंफनीचे संचालन केले तिचे ‘तुरंगलीला’ हे नावही त्याच यादीतले. दौलताबादचा किल्ला पाहण्यास जाणाऱ्या सहलींना हे सांगितले जात असेल असे वाटत नाही.

मेसियां यांचे हे करणे अप्रामाणिक होते असे मुळीच नाही. नाराच्या उद्यानातील दगडी दिवे असोत, समुद्रातील तोरी असो की उगुइसु असो, आपण हे सारे एका फ्रेंच कॅथलिकाच्या कानाने ऐकत आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही. पण पाहुणा जे करू शकतो ते घरच्या माणसाला करता येतेच असे नाही. ताकेमित्सू यांची अडचण नेमकी ही होती.

त्यांचा जन्म १९३०चा. युद्धाच्या अखेरच्या काळात शाळकरी वयातच त्यांना लष्करी तळावर राबण्यासाठी नेण्यात आले. पाश्चात्य संगीतावर शत्रूचे म्हणून बंदी होती. त्या तळावर एका तरुण अधिकाऱ्याने एकदा जुन्या ग्रामोफोनवर, बांबूची सुई लावून, एक फ्रेंच प्रेमगीत मुलांना ऐकवले. आपण संगीतकार व्हावयाचे हे त्या मुलाने त्यानंतर ठरवले. उलट जपानी संगीत कानी पडले की त्याला युद्ध आठवे. त्यामुळे पुढे पुष्कळ वर्षे त्याने त्या वाद्यांकडे पाठ फिरवली. हा तिरस्कार समजण्यासारखा आहे. ज्या सुरांच्या सोबतीने माणसांना मरावयास पाठवले गेले, ते सूर निर्दोष असले तरी कान त्यांना लगेच क्षमा करीत नाहीत. बुनराकु या बाहुलीनाट्यातील जाड दांड्याच्या शामिसेनचा आवाज ऐकून ही पाठ पहिल्यांदा वळली. मग चित्रपटांना संगीत देताना त्यांनी बिवा वापरून पाहिली, आणि १९६६ साली ‘एक्लिप्स’ ही केवळ बिवा आणि शाकुहाची यांची रचना केली. तिचे ध्वनिमुद्रण ओझावा यांनी लेनर्ड बर्नस्टाइन यांना ऐकवले आणि न्यूयॉर्कची मागणी आली.

वाद्यवृंद आणि ही दोन वाद्ये यांना एकत्र बसवण्यात केवळ तात्त्विक अडचण नव्हती. बिवाचा आघात होतो आणि नाद पाहता पाहता ओसरतो. शंभराच्या आसपास वादकांच्या लाटेत तो बुडणारच. तिच्या तारेतून मुद्दाम काढलेली एक झणझण असते, तिला ‘सावारी’ म्हणतात; तंबोऱ्याच्या जवारीची हटकून आठवण व्हावी. पाश्चात्य कानाला ती बिघाड वाटते, जपानी कानाला तोच वाद्याचा प्राण. शाकुहाचीची पट्टी तिच्या लांबीवर ठरते, प्रमाण बासरी एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, आणि नावही त्यावरूनच. वाद्यवृंदात सर्वांनी एका ओबोच्या स्वराला जुळवून घ्यावयाचे असते. या बासरीचा स्वर मात्र क्षणभरही एका जागी थांबण्यास तयार नाही.

मियोताच्या घरात ताकेमित्सू यांनी काढलेला निष्कर्ष असा की, हे मिसळण्याची चिंताच संगीतकाराने करू नये. दोन नादविश्वे शेजारी ठेवावीत आणि त्यांच्यातील अंतर उलट अधिक स्पष्ट करावे. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ओझावा यांच्या संचालनाखाली ‘नोव्हेंबर स्टेप्स’ प्रथम वाजली तेव्हा श्रोत्यांनी पाहिले ते असे: वाद्यवृंद डाव्या-उजव्या बाजूंना दुभागलेला, पुढे किन्शी त्सुरुता बिवा घेऊन आणि कात्सुया योकोयामा शाकुहाची घेऊन बसलेले. रचनेचे अकरा भाग, जुन्या जपानी संगीतातील ‘दान’सारखे, आणि महिनाही अकरावा. वाद्यवृंद बोलतो तेव्हा हे दोघे बहुधा गप्प असतात, आणि हे दोघे बोलतात तेव्हा वाद्यवृंद. शेवटाकडे तर काही मिनिटे केवळ हे दोघेच वाजवतात आणि बाकीचा मंच स्तब्ध बसून राहतो.

या स्तब्धतेचा हिशेब कोणी मांडील काय? आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी मंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. कारखान्यात एका कामगाराचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढते, पण चौघांनी वाजवावयाची रचना आजही चौघांनीच आणि तितक्याच वेळात वाजवावी लागते. म्हणून कलेचा तौलनिक खर्च वाढतच जाणार, असे त्यांचे प्रतिपादन. त्या दृष्टीने जगातील एका महागड्या वाद्यवृंदाला पगारी मौनात बसवणे हा शुद्ध अपव्यय होय. परंतु दोन दुबळ्या आवाजाच्या वाद्यांना पूर्ण ऐकू येऊ द्यावयाचे, तर बलवानाने गप्प बसण्याखेरीज दुसरा उपाय कोणता? आवाज वाढवणारे यंत्र लावता आले असते. ते लावले नाही, यातच या रचनेचे मोल आहे.

‘नोव्हेंबर स्टेप्स’मध्ये एकाही पाखराचे गाणे लिहिलेले नाही. पाखरे ताकेमित्सू यांच्याकडे दहा वर्षांनी आली, तीही रानातून नव्हे, स्वप्नातून: एका काळ्या पाखरामागून पांढऱ्या पाखरांचा थवा पंचकोनी बागेत उतरतो आहे. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वाजलेल्या त्या रचनेत थव्याचा सूर ओबो धरते आणि वाद्यवृंदाचे काही स्वरपुंज शोची आठवण करून देतात. जपानी वाद्य मात्र एकही नाही. म्हणजे फ्रेंच पाहुण्याच्या रचनेत जपानी पाखरे आहेत पण जपानी वाद्ये नाहीत, आणि जपानी यजमानाने एकदा वाद्ये आणली तेव्हा पाखरे घेतली नाहीत, पाखरे आणली तेव्हा वाद्ये बाहेर ठेवली. दोघेही कुशल, तिन्ही गोष्टी एकदम हाताळण्याची घाई दोघांनीही केली नाही. ‘फ्यूजन’ या नावाने एका संध्याकाळीत सतार, ड्रम आणि कोकिळेची ध्वनिफीत एकत्र कालवणाऱ्यांनी हा संयम तपासून पाहण्यासारखा आहे.

मेसियां १९९२ च्या एप्रिलमध्ये गेले. ताकेमित्सू यांनी त्यांच्या स्मृतीस वाहिलेली रचना एकट्या पियानोची आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, कारुइझावा ज्या नागानो प्रांतात आहे त्याच प्रांतातील मात्सुमोतो शहरी, त्यांची ‘सेरेमोनियल’ ही रचना ओझावा यांच्याच संचालनाखाली वाजली. या वेळी आठ व्हायोलिनांनी शोचे सोंग घेतले नव्हते. मायुमी मियाता खुद्द शो घेऊन मंचावर होत्या, आणि रचनेची सुरुवात व शेवट त्या एकट्या वाद्याने होतो. शोच्या नळ्यांत श्वासाची वाफ साचली तर आत बसवलेल्या धातूच्या नाजूक जिभा बोलेनाशा होतात. म्हणून वादक वाजवण्यापूर्वी आणि वाजवून झाल्यावर ते वाद्य लहानशा शेगडीवर धरून हळूहळू फिरवत राहतो.